तुम्ही विचारलंत म्हणून : सव्वा किलो द्राक्षांचे सात हजार

तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात चहा आला की कुणीतरी हमखास विचारतं, "घरची बाग, घरचं शेड, आणि तुम्ही पुण्याहून सात हजारांची फेसाची बाटली, ती शॅम्पेन, आणता. असतं काय तिच्यात एवढं?" सौदा चालू असताना ह्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून मी हसून सोडून देतो. आज निवांत आहे, तर सांगतो.

पहिली बाटली मी शेडवरच उघडली, एप्रिलात, भर उन्हात गाडीतून आणलेली. बुचावरची तार सहा वेळा पीळ देऊन सोडवली आणि बूच हातातून निसटून थेट ट्यूबलाइटवर गेलं. निम्मी वाइन बेदाण्याच्या क्रेटवर. शॅम्पेनच्या बाटलीत साधारण सहा वातावरणांचा दाब असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या अडीचपट तरी, आणि गरम झाली की तो आणखी वाढतो. आता तासन्‌तास बर्फात ठेवतो, बूच घट्ट धरतो आणि बाटली फिरवतो.

उरलेली स्टीलच्या फुलपात्रांत ओतली, कारण शेडवर दुसरं काही नव्हतं. फुलपात्रात बुडबुडे दिसत नाहीत, पण ऐकू येतात. आण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, फुलपात्र कानाला लावलं. "चुना भिजत घातल्यागत वाजतंय." मग एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "मण्यात पाणी फिरायच्या आत तोडलीत की रं ही!"

आयुष्यभर बाग केलेल्या माणसाची जीभ ती. मणी मऊ पडून गोडी धरायच्या अगदी आत नाही, पण लवकर तोडलेली हे खरंच. बेदाण्याला आपण रसातली साखर बावीस-चोवीस ब्रिक्स (साखरेचं माप) होईपर्यंत थांबतो. फेसाळ वाइनवाले त्याच्या कितीतरी आधी, मण्यात आंबटपणा शाबूत असताना तोडतात. कारण ह्या वाइनला दोनदा आंबायचं असतं. एकदा टाकीत, साध्या वाइनसारखं. मग बाटलीत भरताना लिटरमागं चोवीस-पंचवीस ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालून झाकण लावून टाकतात. यीस्ट साखर खातं, त्यातून निघालेल्या वायूला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच मुरतो. काम संपलं की यीस्ट मरून तळाशी बसतं, आणि बाटली त्या गाळावर तशीच पडून राहते. शॅम्पेन हा फ्रान्समधला प्रांत, तिथल्याच वाइनला हे नाव. तिथल्या नियमाप्रमाणं भरल्यापासून किमान पंधरा महिने तळघरात, त्यातले बारा गाळावर. लहान शेतकरी पुष्कळदा तीन-चार वर्षंही थांबतात. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाचा जो वास ह्या वाइनला येतो, तो त्या मेलेल्या यीस्टचा.

मग तो गाळ काढायचा. बाटल्या भोकांच्या लाकडी फळीत तोंड खाली करून खोचतात आणि रोज थोड्या थोड्या फिरवतात, आठवडेच्या आठवडे. आता मोठ्या ठिकाणी हे काम यंत्रं करतात. गाळ मानेत उतरला की मान गोठवतात, झाकण काढतात, आतल्या दाबानं गाळाचा बर्फ स्वतःच उडून जातो. जेवढी वाइन कमी झाली तेवढी भरून बूच ठोकतात. भरताना थोडी साखर घालायची पद्धत आहे, काही जण अजिबात घालत नाहीत. आण्णांचं तोंड वाकडं झालं ते त्यामुळंही.

"किती द्राक्षं लागली एका बाटलीला?" आण्णांनी विचारलं. तिकडं चार हजार किलो द्राक्षांतून २५५० लिटरच रस घ्यायची परवानगी आहे, म्हणजे बाटलीमागं सव्वा किलोच्या आत. आण्णांनी हिशेब केला. त्या आठवड्यात आमच्या चार किलोच्या पेटीचा भाव दोनशे होता. सात हजार म्हणजे पस्तीस पेट्या, एकशे चाळीस किलो. "सव्वा किलोचे सात हजार," ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले.

मला ह्या बाटलीचं वेड लागलं ते तिथूनच. शॅम्पेनमध्ये सुमारे ३४ हजार हेक्टर बाग आणि १६ हजारांच्या आसपास बागायतदार. सरासरी काढली तर माणशी पाच एकर. म्हणजे आपल्यासारखेच. त्यातले बहुतेक जण द्राक्षं मोठ्या कंपन्यांना घालतात. कंपनी शेकडो बागांचा माल आणि वेगवेगळ्या वर्षांची वाइन एकत्र करते, दरवर्षी चव तीच लागावी म्हणून. त्यात कसब आहे, मी नावं ठेवत नाही. पण थोडे असेही आहेत जे स्वतःच्या बागेची द्राक्षं स्वतःच दाबून, स्वतःच्या नावानं बाटली काढतात. लेबलावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'आरएम' असं लिहिलेलं असतं. कंपनीच्या बाटलीवर 'एनएम'. भिंग घेऊन मी तीच अक्षरं शोधतो.

आणि हे सुखासुखी झालेलं नाही. १९१० साली तिथं पाऊस, थंडी आणि डाऊनीनं पीक बुडालं. हो, तीच आपली डाऊनी, वेलीवरचा बुरशीचा रोग, अमेरिकेतून युरोपात गेलेला. तिच्यावर आपण फवारतो ते बोर्डो औषधही फ्रान्समधल्याच बोर्डो गावाचं, मोरचूद आणि चुना. पीक नाही आणि वर कंपन्या बाहेरून स्वस्त माल आणून शॅम्पेन म्हणून विकतात, ह्यावर शेतकरी पेटले. १९११ च्या जानेवारीत त्यांनी बाहेरची वाइन ओतून दिली, एप्रिलमध्ये 'आय' नावाच्या गावात तळघरं आणि इमारती जाळल्या. सैन्य आणावं लागलं.

आमच्याकडं एका हंगामात एक व्यापारी माल उचलून गेला. पहिला चेक वटला, दुसरा परत आला, मग फोन बंद. आम्ही काही जाळलं नाही. पेट्यांवर नाव त्याचंच छापलेलं होतं, त्यामुळं ती द्राक्षं आमची होती हे खाणाऱ्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

लहान म्हणजे चांगलं, असं मात्र समजू नका. कापलेल्या सफरचंदासारखी वास मारणारी बाटलीही मी सात हजारांनाच घेतली आहे. आपल्याकडंही फेसाळ वाइन होते. नारायणगावला ऐंशीच्या दशकातच झाली, आता नाशिक आणि अकलूजची मिळते, बरीच स्वस्त. पलूसला वाइन पार्कही आहे. पण आपली बाग थॉमसन, सोनाका, माणिक चमनची. ही खायची आणि वाळवायची द्राक्षं. त्यांच्याकडून ते काम मागणं म्हणजे खिलाराकडून दुधाची अपेक्षा.

त्या दिवशी निघताना आण्णांनी मागचं लेबल वाचायला लावलं. मी सांगितलं : तोडणी कुठल्या वर्षाची, गाळ काढल्याचा महिना, साखर लिटरला दोन ग्रॅम, बाग कुठल्या उतारावरची.

"आणि छाटणीची तारीख?"

मी बाटली फिरवून पुन्हा बघितलं. नव्हती.

"मग काय उपयोग," म्हणाले, आणि रिकामी बाटली पिशवीत घालून घरी घेऊन गेले.