जास्तीचं प्रोटीन लघवीतून निघून जातं?

जिममध्ये हमखास कानावर पडणारं वाक्य: ‘जास्त झालेलं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं.’ हे अर्धंच खरं आहे. बाहेर पडतो तो नायट्रोजन. उष्मांक अंगातच राहतात.

७० किलोच्या माणसाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ५८ ग्रॅम प्रोटीन पुरतं. अंडी, पनीर, डाळ आणि वर व्हेचे, म्हणजे दुधातल्या प्रोटीनच्या पावडरीचे, दोन स्कूप धरून तो १२० ग्रॅम खातो असं समजू. चरबी साठवता येते, साखरही थोडीफार; प्रोटीन पचून होणाऱ्या अमिनो आम्लांना मात्र कोठार नाही. स्नायू आणि इतर पेशी हवी तेवढी उचलतात, उरलेली मुख्यतः यकृतात मोडली जातात.

मोडताना आधी नायट्रोजन सुटा होतो. त्याचा अमोनिया बनतो, आणि तो मेंदूला घातक, म्हणून यकृत लगेच त्याचा युरिया करून टाकतं. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे १०० ग्रॅम प्रोटीन मोडलं की सुमारे ३४ ग्रॅम युरिया. तो बाहेर टाकायला पाणी लागतं. स्कूप वाढवले आणि पाणी तेवढंच ठेवलं, तर लघवीतलं युरियाचं प्रमाण वाढणारच.

नायट्रोजन गेल्यावर अमिनो आम्लाच्या उरलेल्या कार्बनच्या सांगाड्याचं ग्लुकोज होतं किंवा तो थेट जळतो. त्याची चरबी फारशी होत नाही, पण तो जळत असताना ताटातलं तूप-तेल मात्र साठत जातं. प्रोटीनचे २० ते ३० टक्के उष्मांक ते पचवण्या-मोडण्यातच खर्च होतात, एवढीच काय ती सवलत.

आता रक्ताचा रिपोर्ट. काही लॅब ‘युरिया’ छापतात, काही ‘बीयूएन’, म्हणजे त्या युरियातला फक्त नायट्रोजन. युरिया ४५ म्हणजे बीयूएन २१, फरक २.१४ पटीचा. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून घाबरणारे बरेच असतात. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला टाकाऊ पदार्थ) ठीक आणि युरिया किंचित वर असेल, तर आधी आहार आणि पाणी तपासा. युरिक ॲसिडचा आरोपही प्रोटीनवर उगाच होतो. ते प्युरिन या पेशींतल्या वेगळ्याच घटकापासून बनतं, आणि अंडी-दुधात प्युरिन नगण्य असतं.

निरोगी किडनी प्रोटीन जवळजवळ गळू देत नाही. लघवीला रोज फेस येऊन तो टिकत असेल, तर ‘प्रोटीन जास्त झालं’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासून घ्या (अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रोटीन). आणि किडनीचा आजार आधीपासून असेल, तर स्कूपचं प्रमाण जिमच्या ट्रेनरला नाही, डॉक्टरांना विचारा.