हिशोबपट्टी आणि पायथन

नांदेडच्या एका महाविद्यालयात मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिली दोन वर्षे प्रोग्रामिंग हा माझ्या लेखी गुणांचा विषय होता. प्रॅक्टिकलच्या वहीत सी भाषेतील प्रोग्राम उतरवायचा, तो चालवून दाखवायचा, सरांची सही घ्यायची आणि पुढच्या प्रोग्रामकडे वळायचे. पडद्यावर अपेक्षित उत्तर उमटले की त्या प्रोग्रामचे आयुष्य संपत असे. तो कोणी दुसऱ्यांदा वापरणार नव्हता आणि त्यात कधी बदलही होणार नव्हता. गोडी लागली ती मामांच्या आडतीच्या दुकानासाठी हिशोबपट्टीचा प्रोग्राम लिहायला घेतल्यावर.

नव्या मोंढ्यात सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की मुनीमकाकांना मान वर करायला सवड नसते. शेतकऱ्याचे नाव, गाव, कट्ट्यांची संख्या, वजन, सौद्यात ठरलेला भाव, त्यातून हमाली आणि तोलाई वजा जाता हाती येणारी रक्कम, एवढेच त्या पट्टीवर असते. हे काम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत अगदी सोपे असेल, असे कोणालाही वाटेल. गुणाकार आणि वजाबाकी खरोखरच सोपी आहे. परंतु पैशांची रक्कम दशांश अपूर्णांक म्हणून साठवली की संगणक ती द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून ठेवतो, आणि ०.१ ही संख्या त्या पद्धतीत नेमकी मावत नाही. म्हणूनच पायथनला ०.१ अधिक ०.२ किती असे विचारले, तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. वर्गात ही गंमत म्हणून सांगितली जाते. मोंढ्यात मात्र बेरीज पैशापैशाला जुळावी लागते, त्यामुळे सर्व रकमा पूर्णांकी पैशांत ठेवायच्या आणि रुपये फक्त छापताना दाखवायचे, असे मी ठरवले.

याहून अधिक रमलो ते नावांच्या यादीत. खातेदारांची यादी आडनावांप्रमाणे लावली, तेव्हा मुनीमकाका म्हणाले, "भाचेबुवा, कंधारे कदमांच्या आधी कसे काय आले?" प्रश्न रास्त होता. बाराखडीत 'कं' शेवटाकडे येतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीत, अनुस्वाराचा क्रमांक सर्व व्यंजनांच्या आधी आहे आणि साधी क्रमवारी केवळ हे क्रमांक पाहते. त्याच न्यायाने 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, तर आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर असतो. आणि क्षीरसागर हे आडनाव 'क'च्या घरातच, पण कौसडीकरांच्याही मागे जाऊन बसते. संगणकाच्या दृष्टीने 'क्ष' हे एक अक्षर नसून 'क', हलन्ताचे चिन्ह आणि 'ष' अशी तीन चिन्हे आहेत.

कऱ्हाळे या आडनावाने तर एक अख्खी संध्याकाळ घेतली. खाते असूनही शोधल्यावर ते सापडत नव्हते. 'ऱ्ह' दोन प्रकारे लिहिता येतो: काही कळफलक त्यासाठी 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, तर काही साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण तुलना करताना ती वेगळी ठरतात, आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारे युनिकोडचे प्रमाणीकरणही हा भेद मिटवत नाही. दुकानातील संगणकावर एक पद्धत होती आणि माझ्या फोनवर दुसरी. त्यासाठी नाव साठवण्यापूर्वी एकच रूप देणारा छोटासा नियम मला स्वतः लिहावा लागला. मराठी नावांसाठीच्या अशा बारीकसारीक गोष्टी कोणी तरी बसून कराव्याच लागतात, आणि हे काम करणारे आपल्याकडे कमी आहेत, असे मला वाटते.

महाविद्यालयीन प्रोग्राम आणि वापरातला प्रोग्राम यांतील खरा फरक दुसऱ्या हंगामात कळला. मिळालेला भाव हमीभावापेक्षा किती कमी आहे, हेही पट्टीवर दिसावे, अशी मामांची इच्छा होती. सोयाबीनचा हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला ४,६०० रुपये होता, पुढच्या हंगामात तो ४,८९२ झाला आणि २०२५-२६ साठी ५,३२८. सरकारी खरेदीतील ओलाव्याची १२ टक्क्यांची मर्यादाही २०२४ च्या हंगामात १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली होती. असे आकडे प्रोग्रामच्या पोटात लिहून ठेवले, तर दर वर्षी मलाच दुकानात जावे लागेल. म्हणून ते हंगामाच्या वर्षासह एका वेगळ्या तक्त्यात ठेवले, जेणेकरून मुनीमकाका ते स्वतः बदलू शकतील आणि जुन्या पट्ट्या जुन्याच आकड्यांनी निघतील. आज काय बरोबर आहे याइतकेच उद्या काय बदलेल याचाही विचार करावा लागतो, आणि मला या कामात सर्वाधिक आवडू लागले आहे ते नेमके हेच.

त्यासोबत कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन शिकलो, दुसऱ्यांचा कोड वाचू लागलो. कोड वाचण्याची सवय अभ्यासक्रमात कुठेच लावली जात नाही, ही माझी तक्रार मात्र कायम आहे.

सध्या मी वीज जाण्याच्या प्रश्नावर काम करतो आहे. नोंद अर्धवट असताना लाईट गेली, तर वजन लिहिले गेले आणि रक्कम राहिली असे होता कामा नये. माहिती मी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठवतो; त्यात संबंधित सर्व नोंदी एका व्यवहारात बांधता येतात, म्हणजे एकतर सगळ्या टिकतात किंवा एकही टिकत नाही. प्रोग्राम मधूनच मुद्दाम बंद पाडून मी ते तपासून पाहतो आहे. हे झाले की इलेक्ट्रॉनिक काटा थेट संगणकाला जोडायचा आहे. काट्याच्या मागे त्यासाठीचे सिरियल पोर्ट आहे, आणि त्याला लागणाऱ्या तारेची चौकशी मामांनी मला न विचारताच सुरू केली आहे.