शके १९४५ चा पहिला दिवस

२०२३ च्या पाडव्याची, म्हणजे २२ मार्चची ऑन-कॉल ड्यूटी (सर्व्हरवर काही अडले तर लगेच सोडवायची जबाबदारी) मी आपणहून मागून घेतली होती. पुण्यातल्या सहकाऱ्यांना घरी गुढ्या उभारायच्या होत्या. मी मात्र बालीतल्या चांगूला एकटीच राहून काम करत होते. पुढचा जूनपर्यंतचा मुक्काम तिथेच करायचा की फेब्रुवारी जिथे काढला त्या व्हिएतनाममधल्या दा नांगला परतायचे, हेही त्याच आठवड्यात ठरवायचे होते.

मन दा नांगकडे झुकत होते. तिथला 'मी खे' नावाचा लांबलचक किनारा, चालता येण्याजोगे रस्ते, परवडणारे भाडे आणि भारताच्या दीडच तास पुढचे घड्याळ. बालीत हा फरक अडीच तासांचा असल्याने पुण्याच्या संध्याकाळच्या बैठका माझ्या रात्रीत शिरत, आणि चांगूच्या अरुंद रस्त्यांवरची स्कूटरची गर्दी तर नकोशीच होती. दा नांगचा ई-व्हिसा तेव्हा ३० दिवसांचाच मिळे, ही अडचण होती. शिवाय त्या फेब्रुवारीत व्हिएतनामला जगाशी जोडणाऱ्या पाचही सागरी केबलांत बिघाड होता, त्यामुळे युरोपातल्या सर्व्हरवर टंकलेले अक्षर पडद्यावर कधी उमटेल याचा नेम नसे.

बालीतल्या हिंदूंचे शकवर्षही त्याच दिवशी न्येपीने, म्हणजे घरातच शांत बसून पाळायच्या मौनाच्या दिवसाने, सुरू होणार होते. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह या अवाढव्य राक्षसमूर्तींची मिरवणूक मी हौसेने पाहिली. न्येपीला अग्नी (त्यात दिवेही आले), प्रवास, करमणूक आणि काम वर्ज्य. यातल्या कामाच्या निषेधाला 'अमाती कार्य' म्हणतात, हे ऐकूनही मला शहाणपण सुचले नाही. विमानतळ आणि मोबाइल इंटरनेट चोवीस तास बंद राहणार होते, पण घरातले फायबरचे वायफाय चालू राहील, असे घरमालकीण इबूंनी सांगितले होते.

दुपारी चारला राउटरचा लाल दिवा लागला. तंत्रज्ञाला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यालाही घराबाहेर पडायची मुभा नव्हती. सहाच्या सुमारास एसएमएस आला : युरोपातल्या ग्राहकाची देयकांची बॅच, म्हणजे एकगठ्ठा पाठवायची देयके, अडकली होती. साधे फोन सुरू होते, म्हणून एका सहकाऱ्याला पंगतीतून उठवले आणि वहीतल्या नोंदी वाचत संगणकाला द्यायची एकेक आज्ञा अक्षरशः शब्दलेखनासारखी सांगत गेले. अर्धवट फाइल आधी बाजूला हलवायची होती, नाहीतर तीच देयके दोनदा गेली असती. मागे त्याच्याकडच्या पाहुण्यांचा गलका, इकडे इतकी शांतता की मला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटत होती. अंधार पडल्यावर वहीसाठी टॉर्च लावला, तर काही मिनिटांत खिडकीवर टकटक झाली. चौकड्यांचे वस्त्र नेसलेला पेचालांग, म्हणजे गावचा पहारेकरी, काही न बोलता हाताने खूण करून गेला. उरलेल्या आज्ञा मी पांघरुणाखालून सांगितल्या. बॅच आठला पूर्ण झाली.

त्या रात्री, दिव्यांविना लख्ख दिसणाऱ्या चांदण्यांखाली बसून, मी बाली निवडली. इथल्या बंदची तारीख पंचांगात आधीच छापलेली असते आणि ती न जुळवण्याची चूक सर्वस्वी माझी होती. समुद्रतळाची केबल कधी तुटेल, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. सकाळी इबूंना जूनपर्यंत राहते म्हणून सांगितले. साडेनऊला तंत्रज्ञ आला. मिरवणुकीतली मूर्ती पुढे नेताना बांबूने उचलून धरलेली तार खांबाजवळच्या सांध्यात सैल झाली होती.