तुझ्याच ग्रुपवर आलंय, म्हणून आलो

माझं सोलापुरात विजापूर रोडला एक छोटं ई-सेवा केंद्र आहे. आधारवर पैसे काढून देणं, लाइट बिल, सातबारा, पॅन कार्ड आणि नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. फौजी लोकांची पेन्शन स्पर्श पोर्टलवर गेल्यापासून आमच्या भागातले बरेच माजी सैनिक माझ्याकडंच येतात, पासवर्ड विसरला, ओटीपी येईना, अंगठा उठेना, काही ना काही असतंच. दुकानाबाहेर एक बाकडं टाकलंय त्यावर तिघं तर रोजचेच. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जंगी पलटणीतले तात्या, वय ७५, १९७१ ला बांगलादेशातल्या जमालपूरला लढलेले. सिग्नल्समधून रिटायर झालेले सुभेदार साहेब, जबलपूरला ट्रेनिंग झालेलं. आणि कारगिल बघून आलेले हवालदार काका जे आता एका एटीएमवर गार्डची ड्युटी करतात.

हे सगळं १० मे २०२५ चं आहे, शनिवार होता. ६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे ७ च्या पहाटे, आपण पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मिरात नऊ ठिकाणी मारलं होतं (ऑपरेशन सिंदूर), त्यानंतर रोज रात्री ड्रोनच्या बातम्या, कुणाला झोप नाही. आदल्या दिवशी एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार म्हणून मेसेज फिरला होता, तो खोटा आहे असं पीआयबीनं, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती खात्यानं, सांगितलं पण ते वाचतंय कोण, सकाळी शटर उघडायच्या आधीच बाहेर पंधरा-वीस बायामाणसं आधार कार्ड घेऊन उभी. हवालदार काका नाइट करून आलेले, डोळे लाल, ते बिचारे लाइनीत एकेकाला सांगायलेत की बाई मी स्वतः एटीएमवर आहे, कॅश भरलीय, कशाला उन्हात थांबलाय. एक पण हलली नाही.

बाकड्यावर तोवर नाणेनिधीचा विषय तापलेला. आदल्याच दिवशी या नाणेनिधीनं म्हणजे आयएमएफनं पाकिस्तानला सुमारे १०० कोटी डॉलरचा हप्ता मंजूर केला होता, आपण मतदानाला तटस्थ राहिलो. तात्या एवढे चिडले होते की चहा तसाच गार झाला. म्हणले, आमच्या पोरांवर ड्रोन सोडायलेत अन् हे त्यांना पैसे मोजायलेत. ड्रोन तुर्कीचे असावेत असं सरकारी ब्रीफिंगमधे सांगितलेलं, विमानं चीनची, पाच वर्षांत पाकिस्ताननं बाहेरून घेतलेल्या शस्त्रांतली ८१ टक्के चीनचीच. हवालदार काका म्हणले, मग आपण लढायलोय कुणाशी, समोर एक दिसतोय अन् मागं तीन उभे.

तात्यांचं म्हणणं की दोस्त पाहिजेच. १९७१ ला ऑगस्टमधे रशियाशी करार झाला, डिसेंबरात अमेरिकेनं एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात घुसवलं तेव्हा रशियाची जहाजं मागं आली म्हणून आम्ही तिकडं निवांत लढलो. सुभेदार साहेबांना हे पटत नाही. ते म्हणतात, युक्रेनकडं बघा, तीन वर्षं अमेरिकेच्या जिवावर लढले अन् यंदा मार्चमधे एका आठवड्यात शस्त्रं पण थांबली आणि माहिती देणं पण थांबलं, परत सुरू झालं ती गोष्ट वेगळी पण त्या आठवड्यात खंदकातल्या पोरानं काय करायचं. मदत उसनी असते तात्या, उसन्या बैलावर पेरणी होते, पण बैल कधी न्यायचा ते मालक ठरवतो. तात्या गप्प बसणारे नव्हेत. म्हणले, अन् लोकांनी दिलेली मदत? ती पण उसनी का? १९७१ ला निर्वासितांसाठी प्रत्येक पत्राला पाच पैशाचं जादा तिकीट लावायचो आम्ही, माझ्या आईनं मला लिहिलेल्या पत्रावर पण होतं ते. यावर साहेब काही बोलले नाहीत. मला अजून वाटतं त्या वादात दोघांचंही बरोबर होतं.

दुपारी साधारण एक वाजता लाइट गेली. मे महिन्यात लाइट जाणं आम्हाला काय नवीन नाही, पण त्या दिवशी लाइनीतल्या एका पोरानं मोबाइल वर केला आणि वाचून दाखवलं, पाकिस्तानच्या सायबर हल्ल्यात भारताची ७० टक्के वीज बंद. झालं, एक म्हातारी रडायलाच लागली, तिचा मुलगा जम्मूकडं नोकरीला. कुणी म्हणतंय आता मोबाइल पण बंद होणार, कुणी म्हणतंय गाडीत पेट्रोल भरून ठेवा. माझा इन्व्हर्टर चालू होता, पण खरं सांगतो, पाच मिनिटं मला पण पोटात गोळा आला.

सुभेदार साहेब उठले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, पलीकडच्या गल्लीत बघा रे लाइट आहे का. होती. मग म्हणले हे आपल्या डीपीचं काम आहे. आणि मग त्या माणसानं तिथं उभ्याउभ्या जे सांगितलं ते मी सोलापुरात जन्म काढून पहिल्यांदा ऐकलं. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिण भारताचं ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, बाकी देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. म्हणजे आपल्या गावावरून गाठ बांधली. सगळा देश एकाच जाळ्यात, म्हणून ते म्हणले, हल्ल्याची भीती खोटी नाही, ही बातमी खोटी आहे, दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. युक्रेनमधे २०१५ च्या डिसेंबरात हॅकरनी खरंच कॉम्प्युटरमधून स्विच पाडले, सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. मग काय केलं त्यांनी? माणसं गाड्या काढून सबस्टेशनला गेली आणि हातानं ब्रेकर टाकले, काही तासांत वीज आली. हातानं काम येणारा माणूस जागेवर पाहिजे, सगळं मशीनवर सोडलं की संपलं.

पाऊण तासानं लाइनमन आला, डीपीवरचा फ्यूज टाकला, पंखे फिरले. ती ७० टक्क्यांची बातमी खोटी असल्याचं पीआयबीनं त्याच दिवशी जाहीर केलं.

गर्दी कमी झाल्यावर तात्या आत आले. खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं, आत ११ हजार रुपये, नोटा बँकेच्या पट्टीसकट. म्हणले बाळा, एवढे सैन्याला पाठव. आणि मोबाइल पुढं केला. जवानांसाठी आणि शस्त्रांसाठी मदत निधी, मंत्रिमंडळाचा निर्णय झालाय, रोज एक रुपया जरी दिला तरी एवढे कोटी होतात, खाली क्यूआर. मी स्कॅन केला. नाव आलं ते एका खासगी माणसाचं. ना सेना, ना निधी, ना कुठलं खातं.

मी म्हणलं तात्या हा फ्रॉड आहे, कुणी पाठवला तुम्हाला. तात्या म्हणले, असं कसं, तुझ्याच ग्रुपवर आलंय, म्हणून आलो. काल शेजारच्या पोराकडून २००० टाकले पण, चालतंय का बघायला.

माझ्या केंद्राचा गिऱ्हाइकांचा ग्रुप आहे, तीनशेच्या वर लोक. ८ तारखेला रात्री मेव्हण्याकडून तो मेसेज आला आणि मी न वाचता, खरं म्हणजे वाचून पण न तपासता, पुढं टाकला होता. मनात एवढंच की आपण पण काहीतरी करावं. आणि यातलं वाईट काय तर असल्याच एका मेसेजबद्दल संरक्षण मंत्रालयानं २७ एप्रिललाच सांगितलं होतं की तो दिशाभूल करणारा आहे. ज्याच्याकडं लोक खरं-खोटं विचारायला येतात त्या माणसानं ते वाचायला नको होतं का?

मी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, बराच वेळ लागेना, चौथ्यांदा लागला. तात्यांच्या पेमेंटचा नंबर, वेळ, समोरचा यूपीआय आयडी सगळं दिलं, पोर्टलवर तक्रार टाकली, पावती नंबर आला. माझे हात थरथरत होते. तात्या मलाच पाणी द्यायलेत. सुभेदार साहेब दारात उभे होते. मला वाटलं बोल लावतील. त्यांनी फक्त त्यांच्या वायरलेसची गोष्ट सांगितली. रात्री सेटवर आवाज यायचा, अगदी आपल्याच पलटणीतला, बोली पण तीच, तरी चॅलेंज टाकायचा, म्हणजे आधी ठरलेला खुणेचा प्रश्न विचारायचा. बरोबर उत्तर आलं तरच पुढं बोलायचं. एकदा ओळखीच्या पोराला चॅलेंज टाकला तर तो चिडला, म्हणला साहेब मला ओळखत नाही का. म्हणलं ओळखतो, म्हणूनच टाकला, कारण शत्रू येणार तो ओळखीच्याच आवाजात येणार.

मी तिथंच बसून ग्रुपवर लिहिलं की तो मेसेज खोटा आहे, मी चूक केली, कुणी पैसे टाकले असतील तर लगेच माझ्याकडं या. आणखी दोघांचे फोन आले, एकानं ५०० आणि एकानं १०१ टाकलेले. दोघांच्या तक्रारी त्याच दिवशी भरल्या. संध्याकाळी सहाच्या सुमाराला बाकड्यावर कुणीतरी मोबाइलचा आवाज मोठा केला, युद्धविराम झाला होता. हवालदार काका म्हणले चला ड्युटीवर जातो, आज तरी झोपतील माणसं. तात्या काहीच बोलले नाहीत, पाकीट बनियनच्या खिशात घालून घरी गेले.

१२ तारखेला महाराष्ट्र सायबरनं सांगितलं की या काळात १५ लाखांवर सायबर हल्ले झाले आणि त्यातले फक्त १५० यशस्वी झाले. वाचून बरं वाटलं. पण त्या मोजणीत तात्यांचे २००० येत नाहीत आणि माझा फॉरवर्ड पण येत नाही.

सोमवारी बुद्ध पौर्णिमेची सुट्टी होती. मंगळवारी सकाळी मी तात्यांना गाडीवर बसवून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेलं, ध्वजदिन निधीला ११ हजार भरले. तिथल्या साहेबांनी मोजून घेतले, पावती दिली. तात्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, शिक्का कुठं आहे ते बघितलं, तारीख बघितली, मग कार्यालयाचा फोन नंबर मला वाचायला लावला आणि माझ्याच मोबाइलवरून तिथं फोन लावून विचारलं की पावती तुमचीच का. आत टेबलावर फोन वाजला तो आम्हाला बाहेर ऐकू आला.

परत आल्यावर म्हणले, याला लॅमिनेशन मार. २००० रुपये अजून आलेले नाहीत, दर पंधरा दिवसांनी मी तक्रारीचं स्टेटस बघतो.