मॅग्नम रायफल, लांब पल्ल्याची गोळी आणि फ्लॅट टॉप्सचा तो उतार

.३०० विनचेस्टर मॅग्नम (जास्त वेगाच्या काडतुसाची रायफल) घेऊन अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला निघालेल्यांनी यातला गोळ्यांचा भाग तरी वाचावा. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. पाठ अजून धरलेली आहे, त्यामुळे सूर जरा तिखट लागेल.

डेन्व्हर ते मीकर चार तासांचा रस्ता, तिथून पुढे फ्लॅट टॉप्स पठारावरच्या ट्रॅपर्स लेक तळ्याकडे. सुरुवातीचे दिवस मजेत गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

निघण्यापूर्वी आमच्या गावच्या दुकानात एल्कसाठी गोळ्या मागितल्या होत्या. काउंटरवरच्या माणसानं लांब, निमुळती, प्लास्टिकच्या टोकाची गोळी हातात ठेवली. "सगळ्यात सरळ जाते, चारशे यार्डांवरही नीट उघडते, मॅग्नमला हीच." तो खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला. चारशे यार्डांवर नीट उघडणारी गोळी चाळीस यार्डांवर काय करते, हे त्यानं सांगितलं नाही. डब्यावर चित्र एल्कचंच. वीस काडतुसांना सत्तर डॉलर मोजले आणि निघालो.

आता तो उतार. दुसऱ्या रायफल हंगामात बऱ्याचदा बर्फ पडलेलं असतं आणि कळप उघड्या कुरणांवरून स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या दाट झाडीत शिरतात. तिथे चारशे यार्ड सोडा, शंभर यार्ड मोकळे दिसले तरी नशीब. नर उठला तो चाळीस-पंचेचाळीस यार्डांवर, तिरका, पुढचा खांदा माझ्याकडे. नेम बरोबर खांद्याच्या रेषेवर होता आणि बार तिथेच लागला. तो गुडघ्यावर आला, उठला आणि खाली मेलेल्या झाडांच्या पडझडीत घुसला. बर्फावर केस, हाडाचे बारीक कपचे आणि रक्त अगदी थोडं.

या पठारावर १९४० च्या दशकात स्प्रूस बीटल या किड्यानं जंगलच्या जंगलं मारली, आणि तळ्याच्या बाजूला २००२ च्या आगीत आणखी जळली. मेलेली झाडं अजून एकमेकांवर आडवी-तिडवी पडून आहेत. कमरेइतक्या उंचीवर ओंडके, त्यावर बर्फ, खाली पोकळी. साल गेलेल्या ओंडक्यावर पाय पडला की तो गेलाच. नकाशावर अर्धा मैल दिसणाऱ्या अंतरानं आमची अख्खी दुपार खाल्ली. दोघांच्याही नडग्या सोलल्या आणि सोबतच्या नागपूरकर मित्राचा बूट दोन ओंडक्यांत असा अडकला की पाय आधी काढावा लागला, बूट नंतर. इथे उतरायचंच असेल तर चेंबर रिकामं करा, कातडी हातमोजे घाला आणि उडी कुठेच मारू नका. मला विचाराल तर या उताराच्या वरच्या काठावर बार काढूच नये. प्राणी मेला तरी तुमचा जीव जातो.

अंधार पडायच्या थोडं आधी तो बसलेला सापडला आणि मानेत दुसरी गोळी घालून संपवला. सोलताना सगळं कळलं. खांद्यावर ताटलीएवढा खड्डा, मांस काळंनिळं, त्यात शिशाचे कण आणि कवचाच्या चिंध्या. आत एका फुप्फुसापर्यंत फक्त एक तुकडा पोचला होता. बाकी गोळी खांद्याच्या हाडावरच संपली होती.

कारण सरळ आहे. साधी गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच. दोन्ही एकमेकांना चिकटलेले नसतात. लांब पल्ल्याच्या गोळीचं कवच तोंडाशी मुद्दाम पातळ ठेवतात, कारण चारशे यार्डांवर वेग सेकंदाला २२०० फुटांच्या आसपास उतरलेला असतो आणि तरी ती उघडायला हवी. .३०० विनचेस्टर मॅग्नममधून १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून साधारण २९६० फुटांच्या वेगानं सुटते. चाळीस यार्डांवर २८५० तरी उरतो. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे त्याच गोळीवर जवळजवळ १.७ पट भार. तेल फार तापलं की पातळ पारीची करंजी फुटते आणि सारण कढईभर होतं, तसंच.

आणि हे काही नवं नाही. जॉन नॉस्लर हा अमेरिकन शिकारी १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात .३०० एच अँड एच मॅग्नम घेऊन मूस या एल्कहूनही मोठ्या हरणाच्या शिकारीला गेला होता. चिखलानं माखलेल्या खांद्यावर त्याच्या गोळ्या फुटून गेल्या, आत शिरल्या नाहीत. त्यातून त्यानं मधे तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी बनवली आणि १९४८ पासून ती विकायला आणली. तीच पार्टिशन. इतक्या वर्षांनंतरही दुकानातला माणूस 'किती लांब जाते' एवढंच सांगतो, याचा राग येतो.

माझा कौल. पार्टिशन अजूनही उत्तम. पुढचा भाग फुटतो, तो फुटण्यासाठीच आहे. भिंतीमागचा भाग तसाच राहतो आणि आत जातो. वजनाचा साधारण दोन तृतीयांश उरतो. कमी उरलं म्हणून नाक मुरडू नका. अ‍ॅक्युबाँडसारख्या, गाभा कवचाला जोडलेल्या गोळ्या मधल्या मार्गाच्या. जंगल आणि मोकळं दोन्ही असेल तर घ्या. स्विफ्ट ए-फ्रेममध्ये भिंतही आहे आणि जोडही, वजनातलं जवळपास काही जात नाही. महाग आहे, पण जवळून मोठ्या हाडावर मारायचं असेल तर पैसे वसूल.

पूर्ण तांब्याची गोळी, बार्न्सची टीटीएसएक्स किंवा तशीच दुसरी, मॅग्नमसाठी मी आता डोळे झाकून घेईन. शिसंच नाही, त्यामुळे सुटं व्हायला काही नाही. तोंडाची पोकळी उघडून पाकळ्या होतात. अति वेगात एखादी पाकळी तुटली तरी मागचा दांडा पुढे जातोच. मात्र तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. १८० वापरत असाल तर १६५ किंवा १६८ वर या. वेग वाढेल, आणि या गोळीला वेग मानवतो. उलट दूरवर वेग १८०० फुटांच्या खाली गेला की ती नीट उघडेल याचा भरवसा धरू नका. आणखी एक: नळीत आधीच्या गोळ्यांचा थर असताना तांब्याच्या गोळीनं झिरो करू नका, म्हणजे नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवू नका. नळी पार घासून साफ करा, मग नव्या डब्यातल्या काडतुसांनी झिरो करा. तोच नेम तिथेच लागेल असं समजून डोंगरात जाल तर मग कुणाला दोष देऊ नका.

मित्राकडे तीच तांब्याची १६५ ग्रेनची होती. त्याचा नर जवळपास तितक्याच अंतरावर उभा होता आणि गोळी खांद्याचं हाड मोडून, दोन्ही फुप्फुसांतून पलीकडे गेली. चाळीस पावलांत आडवा. एका-एका प्राण्यावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मलाही कळतं. पण हाडावर काय झालं ते दोन्ही वेळा हातानं चाचपून पाहिलं आहे.

सगळ्यात स्वस्त उत्तर कुणी सांगत नाही: मॅग्नम घेऊच नका. .३०-०६ मधून तीच १८० ग्रेनची गोळी २७०० च्या वेगानं सुटते. त्या वेगाला जाड कवचाची जुनी साधी गोळीही बऱ्यापैकी टिकते आणि झाडीतल्या अंतरांना ते भरपूर आहे. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात), ८५ ग्रेनची उघडणारी गोळी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड ऊर्जा एवढंच मागतो. नियमात बसणं आणि जवळून हाडावर टिकणं या वेगळ्या गोष्टी.

कागदपत्रांचं थोडक्यात. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर अमेरिकेतला चालू शिकार परवाना हाती असल्याशिवाय बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे. मित्राची रायफल 'जरा धरून बघू' म्हणणंही अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड लागतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामात बऱ्याच युनिटांत (शिकारीच्या विभागांत) नराचा परवाना सोडतीशिवाय मिळतो, बाहेरच्या राज्यातल्यांना आठशे डॉलरच्या आसपास पडतो. नियम बदलत राहतात, त्या वर्षीची पुस्तिका बघा. अंगावर केशरी किंवा गुलाबी रंग ५०० चौरस इंच, टोपीसकट.

शेवटी घोडे. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या वर जातो आणि एकेक मागची तंगडी पाठीवर घेतली की काय असतं ते त्या उतारावर कळतं. म्हणून खालच्या तळावर घोडेवाल्याशी बोललो. फोनवर एक दर, आणि मांस खोगिराला बांधून झाल्यावर 'पडझडीतून आणलं' म्हणून दीडपट. घोडा पडझडीत गेलाच नव्हता. तिथून पायवाटेपर्यंत मांस आम्हीच पाठीवरून आणलं होतं. काळोखात, ओल्या कपड्यांत घासाघीस करायची ताकद नव्हती, पैसे दिले. कोलोरॅडोत पैसे घेऊन मांस वाहून देणाऱ्याला राज्याची आउटफिटर (शिकाऱ्यांना पैसे घेऊन सेवा देणारा) म्हणून नोंदणी लागते. तो क्रमांक आधी मागा, आणि दर प्राण्यामागे की घोड्यामागे, कुठून कुठपर्यंत, हे मेसेजवर लिहून घ्या. क्रमांक द्यायला टाळाटाळ केली तर दुसरा शोधा, मीकरमध्ये मिळतात.