जुन्या हॉटेलातली ती ओली भिंत

मी कोल्हापुरात जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीची कामं घेतो. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या बंगल्याच्या हॉटेलातनं फोन आला (नाव लिहीत नाही), त्यांच्या सगळ्यात महागड्या सूटमध्ये पलंगामागचा गिलावा रात्रीत खाली आलेला, नशीब त्या रात्री खोली रिकामी होती. मॅनेजर म्हणाले दरवर्षी वॉटरप्रूफ पेंट मारतो तरी लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) येतोच, पुढं लग्नाचं बुकिंग आहे, सिमेंट मारून द्या पटकन.

आमचे मिस्त्रीमामा सत्तरीचे. हातोडीचा दांडा वाजवत भिंतभर फिरले, सगळीकडं बद्द आवाज, म्हणजे गिलावा आतनं सुटलेला. मग सिमेंटचा थर फोडला तर मागचा चुना बोटानं निघत होता इतका चिंब. मामा मॅनेजरकडं वळून म्हणाले, "आवो सायेब, पैलवानाला रेनकोट घालून जोर मारायला लावल्यागत केलंय तुमी हिला!"

अगदी खरंय ते. आपला काळा दगड पाणी फारसं पीत नाही, पाणी फिरतं सांध्यातल्या चुन्यातनं, आणि चुना ते हळूहळू हवेत सोडून देतो. वरनं सिमेंट आणि प्लास्टिक पेंट थापला की ती वाट बंद, मग ओल आतच कोंडते, क्षार साठतात, त्यांचे खडे फुगून गिलावा ढकलतात आणि लोक म्हणतात जुनं बांधकाम कच्चं! फार राग येतो मला याचा. न्यू पॅलेस १८८४ चा, रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस १९३४ चा, १९८७ ला त्याचं हॉटेल झालं, असल्या इमारती परत कोण बांधणार आहे सांगा.

मॅनेजरना सगळं समजावलं, की आधी भिंत सुकू द्यायची, मग मुरवलेला चुना, वाळू, त्यात हिरड्याचं आणि गुळाचं पाणी, पातळ थर एकावर एक, घाई चालत नाही कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो. खोली दिवाळीपर्यंत बंद म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण मालकांना तिथनंच फोन लावला आणि परवानगी काढली, याचं मला लई कौतुक वाटलं.

परवा परत फोन आला, खालच्या खोल्या पण बघा म्हणाले. मामा तयार आहेत, फक्त पाऊस उघडल्याशिवाय हात लावणार नाही म्हणतात.