पितळखोरा आणि गेलेले धपाटे
पाय आता बोलायला लागलेत. पितळखोऱ्याच्या लेण्यांना पायऱ्या उतरून खाली जायचं असतं, त्यामुळे जाताना सगळेच शूर. खरी मजा परत चढताना.

सकाळी संभाजीनगरहून निघालो, कन्नडला चहा मारला आणि गौताळा अभयारण्यात शिरलो. उन्हाळ्यात इथं नुसता काळा कातळ तापलेला असतो, आज मात्र सगळं हिरवंगार. लेण्यांच्या शेजारीच धबधबा कोसळत होता. एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं.

वेरूळ-अजिंठ्याला गर्दी, इथं आम्ही पाच जण आणि वानरं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली लेणी ही, म्हणजे कैलास लेण्याच्या कितीतरी आधीची. ओळीनं कोरलेले हत्ती अजून आहेत, पण खडक ठिसूळ, बरंचसं झिजून-ढासळून गेलंय. इथं सापडलेला बुटका, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कन्हदास, धंद्यानं सोनार! सोनारानं दगडाला हात घातला तर असा घातला.

चैत्यगृहाच्या (बौद्ध प्रार्थनागृहाच्या) खांबांवरचा उरलेला रंग बघण्यात आम्ही दंग, तेवढ्यात एका वानरानं पिशवी उघडून आईनं दिलेले धपाटे पळवले. ठेच्याचा डबा तेवढा शिस्तीत बाजूला ठेवला. आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी गरम असताना खाल्ले."

धबधब्याखाली शेवाळावर आमचे दाजी दोनदा आपटले. फोटो टाकायला त्यांनी सक्त मनाई केलीय.